दोर घेतला, पण बांधायचा कुठे?

गाडी रुतली तेव्हा माझ्याकडे दोर होता. नवा कोरा चपटा पट्टा, अजून पिशवीतून बाहेर न काढलेला, १५ टनांचा. फावडं नव्हतं, टायरची हवा मोजायचं मीटर नव्हतं, पण दोर होता आणि त्याचा मला अभिमान होता.

ओढ्याकाठची हिरवळ दिसायला घट्ट होती. पुढची चाकं तिच्यावर गेली, दुधावरची साय फाटावी तसा वरचा थर फाटला आणि गाडी नाकावर बसली. रिव्हर्समध्ये जरा जास्तच पाय दिला, मग मागची चाकंही खाली गेली. अर्ध्या तासाने एक जुनी जीप आली. चालवणारे गृहस्थ साठीच्या पुढचे असावेत. खाली उतरून त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "दोर आहे?"

"आहे ना!"

"मग लावा."

पट्ट्याचं टोक हातात घेऊन मी चिखलात पालथा झालो. बंपरखाली एक कडं दिसत होतं. त्यात शॅकल, म्हणजे दोर जोडायची पिनेने बंद होणारी लोखंडी कडी, घालणार, तेवढ्यात काका शेजारी वाकले. "हे नाही हो. गाडी ट्रकवर चढवली की बांधायला असतं हे. उपटून येईल आणि कुणाच्या तरी डोक्यात जाईल." मग आम्ही मागे पाहिलं. तिथे ट्रेलर जोडायचा गोळा होता. त्याच्याकडे काकांनी असं पाहिलं की मी काही विचारलंच नाही. त्यांनी पट्टा नीट गुंडाळला, माझ्या हातात परत दिला आणि स्वतःच्या जीपमधून फावडं आणलं.

अडीच तास उकरलं. टायरची हवा निम्म्याने काढली, चाकांपुढे उतार केला, खाली फांद्या आणि सपाट दगड भरले. गाडी स्वतःच्या ताकदीने बाहेर आली. माझा १५ टनांचा दोर शेवटपर्यंत कोरडाच राहिला. नालासाठी घोडा घेतात म्हणतात, मी तर नाल विकत घेऊन बसलो होतो आणि घोड्याला पायच नव्हते.

घरी आल्यावर पहिलं काम म्हणजे गाडी धुतली आणि टॉर्च घेऊन खाली शिरलो. आतापर्यंत गाडीखाली मी फक्त तेल गळतंय का ते बघायला गेलो होतो. या वेळी एकच प्रश्न घेऊन गेलो: इथे असं काय आहे, ज्याला धरून अडीच टनांची गाडी ओढता येईल?

पुढे दोन कडी होती. दोन्ही पातळ सळईची, चासीला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, छोट्याशा वेल्डने चिकटवलेली, तोंड खाली आणि थोडं आत वळलेलं. कडं बांधायचं की ओढायचं, हे या वळणावरूनच बरंचसं कळतं. वाहतुकीत गाडी ट्रकवर किंवा जहाजात खाली दाबून बांधतात, त्यामुळे त्या कड्यांवर ओढ येते ती खालच्या दिशेने आणि स्थिर. रुतलेली गाडी काढताना ओढ येते समोरून, आणि तीही झटक्याने. गाडीच्या माहितीपुस्तकात त्या कड्यांच्या चित्राशेजारी सरळ लिहिलं होतं की ही वाहतुकीत बांधण्यासाठी आहेत. चार वर्षं ते पुस्तक डॅशबोर्डच्या कप्प्यात होतं. मी त्यातलं फक्त घड्याळ लावायचं पान उघडलं होतं.

उजव्या बाजूला एक हूकही होता, दोन बोल्टांवर. तो टोचनचा. बंद पडलेली गाडी सपाट रस्त्यावर हळूहळू ओढून न्यायची, एवढ्यापुरता. आजकालच्या बऱ्याच गाड्यांत तोही नसतो. बंपरवरचं छोटं झाकण काढून तिथे आटे असलेली गोल कडी फिरवून बसवायची असते. माझ्या मित्राच्या गाडीत तशी आहे. सरळ रेषेत, सावकाश टोचन करायला ती ठीक. पण तिरकी ओढ आली की सगळा जोर त्या एका आट्याच्या मानेवर येतो.

आणि मागचा गोळा. त्याबद्दल जरा जास्त लिहितो, कारण त्याआधीच्या पावसाळ्यात मी याच गोळ्याला दोर अडकवून एक पिकअप ओढला होता, आणि आजूबाजूला सात-आठ माणसं उभी होती. ट्रेलरचा गोळा ट्रेलरच्या ओझ्यासाठी घडवलेला असतो. रस्त्यावर सावकाश वाढणारी ओढ तो वर्षानुवर्षं सोसतो. पण ताणलेल्या पट्ट्याचा झटका आला की तो मानेपाशी तुटू शकतो. तुटला की तो नुसता खाली पडत नाही. पट्टा आधी रबरासारखा ताणलेला असतो आणि ती सगळी साठलेली ऊर्जा त्या लोखंडी गोळ्याच्या मागे लागते. तो काच फोडून गाडीत शिरून माणसं मेल्याच्या घटना घडल्या आहेत. हे वाचलं त्या रात्री मला तो पिकअप आणि ती सात-आठ माणसं आठवत राहिली. त्यातला एक मुलगा तर दोरावर पाय ठेवून उभा होता. मीच त्याला हसून बाजूला केलं होतं, तेही दोर मळू नये म्हणून.

मग वहीत आकडे मांडायला बसलो. किती ओढ लागते, याचा एक जुना ठोकताळा लष्करी वाहनं बाहेर काढणारे वापरतात. चाकं चिखलात रुतली असतील तर गाडीच्या वजनाइतकी ओढ धरा. चिखल मडगार्डपर्यंत आला असेल तर दुप्पट, केबिनपर्यंत आला असेल तर तिप्पट. चढावर ओढायचं असेल तर १५ अंशांच्या चढाला वजनाचा साधारण पाव भाग वाढवा, ३० अंशांना निम्मा. माझी गाडी रिकामी २ टन, माणसं-सामान भरून कमाल २.६ टन. म्हणजे त्या दिवशी ओढ्याकाठी निदान अडीच टनांची ओढ लागली असती, आणि ती मी बोटाएवढ्या सळईच्या कड्याला लावायला निघालो होतो.

दुसरं गणित झटक्याचं. अडीच टनांची गाडी ताशी १० किलोमीटरने निघाली तर तिच्यात सुमारे साडेनऊ किलोजूल ऊर्जा असते. हीच गाडी ४० सेंटिमीटर उंचीवरून खाली सोडली तर तेवढी होईल. वेग दुप्पट, ताशी २० केला की ऊर्जा चौपट. म्हणजे गाडी दीड मीटरहून उंच जागेवरून टाकल्यासारखी. 'जरा जोरात घे रे' असं ओरडणाऱ्या मंडळींना हे एकदा फळ्यावर काढून दाखवावंसं वाटतं.

आणि ही ऊर्जा दोर कशी पचवतो त्यावर सगळं अवलंबून. समजा रुतलेली गाडी अजिबात हलली नाही आणि सगळी ऊर्जा दोरातच गेली. ताशी १० च्या वेगाला दोर दीड मीटर ताणला, तर सर्वांत जास्त ओढ सव्वा टनाच्या जरा वर जाते. तोच दोर फक्त ३० सेंटिमीटर ताणला, तर ती साडेसहा टनांवर जाते. गाडी तीच, वेग तोच.

इथे माझ्या नव्या कोऱ्या दोराचं पितळ उघडं पडलं. १५ टन म्हणजे जास्त सुरक्षित, असं मला वाटलं होतं. पण इतका जाड पट्टा माझ्या गाडीच्या वजनाने धड ताणलाच जाणार नाही. तो जड ट्रकसाठी होता. झटका पचवायचं काम तो करणार नाही, ते माझ्या चासीला करावं लागेल. ताणणाऱ्या पट्ट्यासाठी साधारण नियम असा की दोन गाड्यांपैकी जी हलकी, तिच्या भरलेल्या वजनाच्या दोन ते तीन पट तुटण्याची मर्यादा हवी. २.६ च्या दुप्पट ५.२, तिप्पट ७.८. म्हणजे मला ८ टनांचा पट्टा पुरेसा होता. मी जवळपास दुप्पट उचलून आणला होता, तोही सर्वांत आधी.

तेव्हा ठरवलं की आता उलटीकडून जायचं. आधी चासीवर ओढायची जागा, मग तिला साजेसा शॅकल, आणि शेवटी दोर.

मित्राचं म्हणणं सोपं होतं. "अरे, जाड पत्र्याचे दोन तुकडे काप, भोकं पाड, चासीला वेल्ड मार. अर्ध्या दिवसाचं काम." गॅरेजवाल्या मामांनी हे ऐकून हातातला पाना खाली ठेवला. ते म्हणाले, "वेल्ड तुटत नाही रे. वेल्डच्या शेजारचं लोखंड तुटतं. तापून त्याचा दम गेलेला असतो." चासीचं पोलाद ठरावीक ताकदीसाठी केलेलं असतं. नको तिथे तापवलं की वेल्डच्या कडेचा पट्टा बाकीच्या भागासारखा राहत नाही, आणि तडा तिथूनच सुरू होतो. कुशल माणूस योग्य जागी योग्य वेल्ड करू शकतो, नाही असं नाही. पण मामांनी स्वतःच हात वर केले, मग माझी काय टाप.

चासीला पुढच्या बाजूला कंपनीनेच पाडलेली आट्यांची भोकं होती. माझ्या मॉडेलसाठी तिथेच बसणारे ब्रॅकेट मिळतात असं कळलं. पहिला जोड मागवला तो दिसायला राजबिंडा, लालभडक रंगाचा. त्यावर '५ टन' असं कोरलेलं. पण कसले ५ टन? रोज वापरायची मर्यादा, की तुटण्याची? ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. सोबतच्या बोल्टांची डोकी पाहिली तर ती गुळगुळीत, एकही आकडा नाही. परत पाठवला.

बोल्टाच्या डोक्यावरचे आकडे वाचायला मी या निमित्ताने शिकलो. ८.८ लिहिलं असेल तर पहिल्या ८ चा अर्थ ८०० मेगापास्कलचं ताणबल, आणि पुढचा ८ सांगतो की त्याच्या ८० टक्क्यांवर बोल्ट कायमचा लांबू लागतो. १०.९ म्हणजे १०००, आणि ९० टक्के. १२ मिलिमीटरचा ८.८ चा बोल्ट सरळ ताणला तर पावणेसात टनांच्या आसपास तुटतो. पण ब्रॅकेटमध्ये तो बहुतेक वेळा आडवा कापला जाण्याच्या बेतात असतो, आणि कापाच्या रेषेत आटे आले तर तोच बोल्ट ४ टनांच्या आसपास हार मानतो. ज्या बोल्टावर काहीच लिहिलेलं नाही त्याचं गणित मांडताच येत नाही, आणि माझा आक्षेप तेवढाच होता.

दुसरा जोड काळा, ओबडधोबड. पण प्रत्येकावर वापराची मर्यादा ५००० किलो असं स्पष्ट कोरलेलं, बोल्ट १०.९ चे, आणि प्रत्येक बोल्ट किती टॉर्कने आवळायचा त्याचा कागद सोबत. बसवताना एक अडचण आलीच. डावीकडच्या भोकात वर्षानुवर्षांचा चिखल आणि गंज. मित्र म्हणाला, "बोल्टच आत फिरव, साफ होईल." मामांनी आधी टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवून आटे मोकळे केले, फुंकून काढले, मगच बोल्ट हाताने शेवटपर्यंत नेला. पान्याला हात शेवटी. आवळून झाल्यावर त्यांनी प्रत्येक बोल्टाच्या डोक्यावरून ब्रॅकेटवर येणारी पांढऱ्या रंगाची एक रेघ मारली. बोल्ट सैल झाला की रेघ तुटलेली दिसते. या अख्ख्या खटाटोपात सर्वांत कमी खर्चाची आणि माझ्या मते सर्वांत कामाची वस्तू हीच.

आता शॅकल. इथे आकड्यांचा आणखी एक घोळ आहे आणि त्यात मी पंधरा दिवस अडकलो होतो. पट्ट्यावर लिहिलेला आकडा असतो तुटण्याचा. पोलादी शॅकलवर लिहिलेला असतो वापराच्या मर्यादेचा. पट्टा ८ टनांचा आणि शॅकल ४.७५ टनांचा, हे पाहून मला वाटलं की शॅकल कमी पडतोय. प्रत्यक्षात चांगल्या बनावटीचा ४.७५ टनांचा धनुष्याकृती शॅकल त्याच्या सहापट ओढीपर्यंत टिकेल असा केलेला असतो. म्हणजे २८ टनांच्या पुढे. आणि हे असंच हवं. काही तुटायचंच असेल तर कापड तुटावं. पट्टा तुटला तर सपकन मागे येतो, तेही वाईटच, पण त्याच्या टोकाला लोखंड नसलं तर निदान तोफगोळा होत नाही.

याच विचाराने दोऱ्याच्या शॅकलकडे वळलो. अतिशय घट्ट अशा पॉलिथिलीनच्या धाग्यांचा विणलेला फास, एका टोकाला गाठ. मुठीत मावतो, पाण्यावर तरंगतो आणि ताकदीला पोलादाच्या तोडीचा. किलोभराहून जड लोखंडी शॅकल चिखलात पडला की शोधावा लागतो, हा वर येतो. मी तर सगळे लोखंडी शॅकल काढूनच टाकायला निघालो होतो. मग ब्रॅकेटच्या भोकातून बोट फिरवलं. कड धारदार. पत्रा कापून केलेलं सरळसोट भोक, पोलादी पिनेसाठी ठीक. त्यात दोऱ्याचा फास ताणला तर तो चाकूवर ताणल्यासारखाच. शिवाय हा धागा उष्णतेला भित्रा, दीडशे अंशांच्या अलीकडे-पलीकडे वितळतो, त्यामुळे घासण्याने तापणंही त्याला सोसत नाही. कानस घेऊन कड गोल करावी असं मनात आलं होतं. पण ज्या वस्तूवर मर्यादा कोरलेली आहे तिचं लोखंड आपण खरवडायचं आणि मर्यादा मात्र तीच धरायची, हे पटेना. शेवटी तडजोड केली. ब्रॅकेटवर पोलादी शॅकल, आणि जिथे पट्ट्याला पट्टा जोडायचा तिथे दोऱ्याचा. म्हणजे लोखंड गाडीलाच चिकटून, मधल्या अंतरात कुठेही नाही.

पोलादी शॅकलची पिन पूर्ण आवळायची आणि मग पाव फेरा सैल करायची, हेही मामांनीच शिकवलं. पूर्ण आवळलेली पिन ओढ आल्यावर आट्यात अडकून बसते आणि मग तिला उघडायला दुसरा पाना, तिसरा माणूस आणि चौथी शिवी लागते.

पुढे दोन ब्रॅकेट आहेत म्हटल्यावर ओढ दोघांत वाटायला हवी. एकाच बाजूने ओढलं तर चासीला पीळ बसतो. त्यासाठी एक न ताणणारा पट्टा दोन्ही शॅकलमधून घेऊन मध्ये मुख्य दोर जोडतात, बैलांना जू घालतात तसा. किती लांबीचा घ्यायचा? माझे दोन ब्रॅकेट एकमेकांपासून ८० सेंटिमीटरवर आहेत. मित्राकडे १ मीटरचा पट्टा पडून होता, "हा चालेल की" म्हणाला. कागदावर काढून पाहिलं. १ मीटरचा घेतला तर दोन्ही पायांमधला कोन शंभराच्या वर जातो आणि प्रत्येक ब्रॅकेटवर एकूण ओढीच्या ८३ टक्के ओढ येते. निम्मी नाही, ८३! कारण दोन्ही बाजू एकमेकींनाच आत खेचत राहतात. ३ मीटरचा घेतला तर कोन ३१ अंश, आणि प्रत्येकी ५२ टक्के. कोन १२० अंश झाला तर प्रत्येक बाजूवर पूर्ण ओढ येते, वाटणी केल्याचा काहीच उपयोग नाही.

हे निघाल्यावर सगळे आकडे एका ओळीत बसले, आणि खरं सांगतो, गणिताच्या पेपरातलं शेवटचं उत्तर जुळावं तसा आनंद झाला. ८ टनांचा पट्टा तुटेपर्यंत ताणला गेला तरी ३ मीटरच्या वाटणीने प्रत्येक ब्रॅकेटवर ४.२ टनांच्या आत ओढ येणार. ब्रॅकेटची मर्यादा ५. म्हणजे ब्रॅकेटला मर्यादा ओलांडावी लागण्याआधीच पट्टा गेलेला असेल. १ मीटरच्या वाटणीने हाच आकडा ६.७ होतो. आणि माझा जुना १५ टनांचा पट्टा लावला असता तर लांब वाटणी करूनही ७.८. तो पट्टा आता गॅरेजमध्ये सामान बांधायला आहे, मामांनी खुशीने ठेवून घेतला.

मागची बाजू मात्र इतकी नीट जुळली नाही, तेही सांगतो. तिथे ट्रेलरचं ५० मिलिमीटरचं चौकोनी नळकांडं आहे, चासीच्या दोन्ही पट्ट्यांना बोल्टांनी धरलेलं. गोळा काढून त्यात शॅकल अडकवायचा भरीव ठोकळा बसवला, त्यावर ४.७५ टन लिहिलंय. अनेक जण ठोकळ्याऐवजी पट्ट्याचं टोक नळकांड्यात सरकवून आडवी पिन घालतात. पिन दोन टोकांना टेकलेली, जोर मधोमध. ती वाकते, आणि वाकलेली पिन मग त्या भोकातून बाहेर येत नाही. ठोकळ्याने ती अडचण सुटली, पण जागा एकच, वाटणी नाही. म्हणून मागून ओढताना मी हलक्या पायाने, अगदी चालण्याच्या वेगाने ओढतो. नाही निघाली गाडी तर आणखी उकरतो.

सर्वांत शेवटी पट्टा. सुरुवातीला जे पहिलं वाटलं होतं ते आता दहा मिनिटांत झालं. नायलॉनचा, ९ मीटरचा, तुटण्याची मर्यादा ८ टन. पाहण्यासारखी गोष्ट एकच होती, की तो खरंच ताणणारा आहे की नाही. नायलॉनचा चपटा पट्टा २० टक्क्यांपर्यंत ताणतो, नायलॉनचा विणलेला गोल दोर ३० टक्क्यांपर्यंत. पॉलिएस्टरचा टोचनचा पट्टा दिसायला हुबेहूब तसाच, पण तो जवळजवळ ताणतच नाही. लेबल वाचल्याशिवाय दोघांत फरक करता येत नाही. विंचचा, म्हणजे दोर गुंडाळत गाडी ओढणाऱ्या यंत्राचा, दोऱ्याचा दोरही झटक्यासाठी नाही, तो ताणतो जेमतेम ३-४ टक्के.

विंच घेतला नाही. मोह झाला होता. पण तो बसवायला पुढचा बंपर बदलावा लागतो, पुढच्या स्प्रिंगवर वजन वाढतं, आणि मी एकटा फारसा जातच नाही. त्याऐवजी फावडं, चाकाखाली घालायच्या दोन फळ्या, हवेचं मीटर आणि छोटा कॉम्प्रेसर घेतला. आतापर्यंत दर दहा वेळांपैकी निदान आठ वेळा गाडी याच चार वस्तूंनी निघाली आहे. ३५ ची हवा १८ वर आणली की टायर खाली पसरतो, आणि मघाशी हताश करणारी जागा साधी वाटू लागते.

तीन महिन्यांनी प्रसंग आलाच. नदीपात्रातली वाळू, वरून कोरडी, खाली ओली. मित्राची गाडी पुढे गेली, मी त्याच चाकोरीतून गेलो आणि तिसऱ्या वळणावर बूड टेकलं. हवा काढली, उकरलं, फळ्या घातल्या. हातभर पुढे आली आणि पुन्हा बसली. तेव्हा पिशवी काढली.

मित्राची गाडी माझ्या समोर सरळ रेषेत आणली. पुढच्या दोन शॅकलमधून ३ मीटरची वाटणी, मध्ये दोऱ्याचा शॅकल, मग पट्टा, आणि पट्ट्याचं दुसरं टोक त्याच्या मागच्या ठोकळ्याला. पट्ट्याच्या मधोमध ओली चटई टाकली. तुटलाच तर थोडा दम जिरतो, पण चटईच्या भरवशावर कुणी जवळ उभं राहू नये. बरोबर आलेल्यांना बाजूला पिटाळलं. पट्ट्याच्या लांबीच्या दीडपट अंतर, म्हणजे चौदा-पंधरा मोठी पावलं, आणि तेही रेषेत नाही, कडेला. एकाला व्हिडिओ काढायचा होता, तो कुरकुरला. मी त्याला त्या गोळ्याची गोष्ट सांगितली. त्यानंतर तो वीस पावलांवर जाऊन उभा राहिला.

पट्टा दोन मीटर सैल ठेवला, वाळूत नागमोडी पसरून. मित्र लो रेंजमध्ये (कमी वेग, जास्त जोर) दुसऱ्या गिअरवर निघाला. मीही गाडी गिअरमध्ये ठेवून चाकं हळू फिरवत होतो. पट्टा ताठ झाला, मित्राची गाडी क्षणभर थबकल्यासारखी झाली आणि मग आमच्या मधलं अंतर रबरासारखं लांबलं. आवाज काहीच नाही. मी धक्क्याची वाट बघत दात आवळून बसलो होतो, धक्का आलाच नाही. गाडी एक फूटभर उचलल्यासारखी सरकली आणि थांबली. पुन्हा उकरलं, पट्ट्याला पाच-सात मिनिटं विसावा दिला, कारण नायलॉन ताणल्यावर तापतो आणि परत आखडायला त्याला वेळ लागतो. दुसऱ्या ओढीला गाडी बाहेर.

मित्र उतरून आला आणि म्हणाला, "एवढंच? माझ्या मागे तर काही जाणवलंच नाही." त्या आधीच्या वर्षी आम्ही साखळीने एक गाडी ओढली होती, तेव्हा त्याची मान दोन दिवस धरली होती.

घरी पट्टा साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवला. वाळूचे कण धाग्यांत राहिले तर आतून कापत राहतात, उन्हाने नायलॉन कमजोर होतो, आणि ओला असतानाही त्याची ताकद कमीच असते. काठाची शिवण बोटांनी चाचपत गेलो, कुठे कात्रा नव्हता. मग टॉर्च घेऊन गाडीखाली. उजव्या ब्रॅकेटच्या चारही रेघा जागच्या जागी. डावीकडे तीन नीट, चौथी केसभर सरकलेली. चिखलाने भरलेलं होतं तेच भोक. बोल्ट काढला, आटे पुन्हा साफ केले, नवा १०.९ चा बोल्ट घातला, कागदातल्या आकड्यापर्यंत आवळला आणि वर नवी पांढरी रेघ मारली. परवा पुन्हा खाली जाऊन पाहिलं, सरळ आहे.